घुशीनं वाढवलेला बांध

एका खाडीच्या काठी, तिवरांच्या रानामागे, जनावरांची एक वस्ती होती. जागा सखल, म्हणून पूर्वजांनी दर्याकडच्या बाजूनं मातीचा बांध घालून ठेवलेला. पण पोरांनो, दर्या काही पूर्वजांना विचारून वागत नाही. तो वर्षावर्षाला वर चढत होता. उधाणाचं पाणी आधी बांधाच्या पायाशी थांबायचं, मग कमरेशी यायला लागलं, आणि एका साली पार माथ्याला टेकलं. तेव्हा कुठं या शहाण्यांना जाग आली! पुढारी होता कोल्हा. त्यानं सभा घेतली आणि ठरवलं, की पावसाळ्याआधी बांध उंच करायचा. घरटी एकानं मागच्या टेकडीवरून माती वाहून आणायची.

झालं! माती वाहायची म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं वाकडी. मुंगसाची कंबर धरली, साळिंदराकडे पाहुणे आले, रानडुकराला नेमकी त्याच दिवशी सासुरवाडी आठवली. एवढ्यात घूस पुढं झाली. म्हणाली, "कशाला हा खटाटोप? मी एकटी करते. तुम्ही कुणी ढेकूळही उचलू नका." हे ऐकून सगळे इतके खूश झाले, की बाई, तू माती आणणार कुठून, एवढंही कुणी विचारलं नाही. अरे, तोंडं काय फक्त चरायला दिलीत?

बांध रोज वाढायला लागला. जो तो येऊन मान वर करून बघायचा आणि वाहवा करून जायचा. बांधाला लागूनच सशिणीचं बीळ होतं. आत तिची पिल्लं, अजून धड चालताही न येणारी. तिला मात्र चैन पडेना. ती घुशीला म्हणाली, "घूसताई, टेकडीकडे तर तू एकदाही गेली नाहीस. मग ही माती कुठली?"

"घरचीच की! बांधाच्या पोटातून काढते आणि डोक्यावर टाकते. माती उकरायची ती पायाखालचीच, आम्हा घुशींची रीतच आहे तशी."

सशीण धावत कोल्ह्याकडे गेली. "कोल्होबा, बांध आतून पोकळ होतोय हो!"

"उंची वाढली की नाही?" कोल्ह्यानं विचारलं.

"वाढली, पण..."

"आता पण कसला? काम होत नव्हतं तेव्हा ओरड, होतंय तरी ओरड!"

"अहो, माझी पिल्लं त्याच बांधाला टेकून झोपतात."

"मग झोपू दे की गाढ!" कोल्हा म्हणाला आणि शेपटी झाडून चालता झाला. शेजाऱ्यांनीही तिलाच वेड्यात काढलं. एवढा उंच बांध दिसतोय, हिचं आपलं भलतंच! कुणी खाली वाकून आत डोकावेल तर शपथ.

श्रावणातल्या अमावास्येला भरदुपारी उधाण आलं. पाणी माथ्यापर्यंत पोचलंच नाही. त्यानं खालची भोकं शोधली, आत शिरलं, आणि बांधाचा मधला भाग मट्कन खाली बसला. वस्तीत लोंढा घुसला. जो तो टेकडीकडे पळाला. घूस तर सगळ्यांच्या पुढं. सशीण एकेक पिल्लू तोंडात धरून गळाभर पाण्यातून नेत होती. शेवटचं पिल्लू घेऊन ती वर चढली तोवर तिचं बीळ कुठं होतं तेही कळेनासं झालं. आणि हा कोल्हा! शिल्लक राहिलेल्या बांधावर ऐटीत उभा राहून ओरडत होता, "बघा, बघा! माथ्यावरून एक थेंब आत आला नाही!" सशिणीच्या तोंडात पिल्लू होतं म्हणून तो वाचला. नाहीतर तिनं त्याला जे ऐकवलं असतं, ते मला इथं लिहिता आलं नसतं.

तात्पर्य : दर्या चढत असेल तर बांध उंच करावाच लागतो, पण त्याची माती स्वतः घाम गाळून बाहेरून आणावी लागते. कष्ट चुकवून पायाच उकरून डोक्यावर टाकाल, तर बांध उंच दिसेल आणि तुम्ही बुडाल.