गहिनीच्या कुळाचा तपास

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला. पाऊस येणार की ऊन पडणार, कुणाला सांगता येईना.

"मग मी कुणाचा, बुवा?"

गहिनीने पुन्हा तेच विचारलं. तान्हा असताना त्याला कुणीतरी मठाच्या दारात ठेवून गेलं होतं. तिथल्या भैरोबुवांनी वाढवला, शिकवला. आता तो शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत होता. माणसांचा डीएनए वाचायचा, हेच त्याचं काम. या खेपेला त्याने स्वतःचाच वाचला होता.

"काय निघालं?" बुवा परातीत पीठ मळत होते.

"सगळंच निघालं. थोडा समुद्राकडचा, थोडा उत्तरेकडचा, बाकी इथलाच... अक्षर न् अक्षर वाचलं, बुवा. पण कूळ? ते कुठे लिहिलेलंच नाही."

"वाचायचं राहून गेलं असेल."

"थट्टा नको, बुवा."

बुवांनी परात त्याच्यापुढे सरकवली. "आजची भिक्षा आहे. कुणाकुणाच्या घरचं पीठ आहे यात, सांग."

गहिनीने चिमूटभर घेऊन पाहिलं. "तपासलं तर ज्वारी किती, बाजरी किती, एवढं कळेल."

"आणि घर?"

गहिनीने परात परत सरकवली. बुवा पुन्हा मळू लागले.

"बरं, कूळ तुला हवंय कशाला?"

गहिनीने मान खाली घातली. "लिंबाजीकाकांनी विचारलं होतं. त्यांच्या कावेरीला मागणी घालायला गेलो तेव्हा."

लिंबाजी कासाराचं घर मठाला लागूनच.

"मग काय म्हणालास?"

"काय म्हणणार? उठलो नि निघून आलो. कूळ सांगितल्याशिवाय पोर कशी देतील ते? म्हटलं, आधी शोधून काढू."

"कधीची गोष्ट ही?"

"दिवाळीतली."

बुवांचे हात थांबले.

"गड्या, लिंबाजी कुळासाठी अडून बसलाय, हे तुला कुठल्या यंत्राने सांगितलं?"

"म्हणजे?... मी समजलो नाही."

"जा. त्यालाच विचार."

"काय विचारू?"

बुवा पुन्हा पीठ मळायला लागले.

गहिनीला काही उमजेना. तसाच उठला, शेजारी गेला. लिंबाजी ओट्यावर बांगड्यांचे चुडे बांधत बसला होता.

"काका... त्या दिवशी तुम्ही कूळ विचारलंत..."

लिंबाजीने त्याला खालून वर न्याहाळलं.

"सहज विचारलं, आणि चहा टाकायला सांगावं म्हणून आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर तू पसार! पोरगी कप घेऊन दारात उभी. अरे, साखर किती घेतोस, तेवढं तरी सांगून जायचंस."