आईच्या वतीनं

"मग त्या मोबाइलनं तुला कोण ठरवलं?"

दस्तगीरचाचांनी विचारलं आणि मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. टेकडीवरच्या दर्ग्याची झाडलोट करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग ती साइट सांगते की तुमचे विचार कुठल्या धर्माशी किती जुळतात. माझे सगळ्यांत जास्त बौद्धांशी जुळले. त्याखाली निधर्मी. आमच्या घरचा धर्म पार तळाला.

"तळाला म्हणजे?"

"म्हणजे उद्या मी घाटावर जायचं काही कारण नाही."

उद्या आईचं दहावं. एकुलत्या मुलानं डोकं भादरून पिंड ठेवायचा. मी नाही म्हणालो, तर बाबा म्हणाले, मग या घरात पाय ठेवू नकोस. मागे काका मान डोलवत होते. आई दवाखान्यात होती तेव्हा या काकांना फिरकायला सवड नव्हती. आता दहाव्याच्या जेवणात जिलेबी की बुंदी, यावर तास तास घालवतात. असल्यांनी मला धर्म शिकवायचा.

चाचांचा धर्म वेगळा. ते तरी माझ्या बाजूनं बोलतील, या हिशेबानं मी टेकडी चढलो होतो.

"परीक्षा चांगली आहे," चाचा म्हणाले. "आता तुझ्या आईची घे."

"ती गेली, चाचा."

"तिच्या वतीनं तू दे. पोरगा आहेस ना तिचा..."

यात काय अवघड होतं. मी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पहिला प्रश्न, देव एक आहे, अनेक आहेत, की नाहीच?

बोट तिथंच थांबलं.

दर गुरुवारी ती मला दर्ग्याच्या याच पायरीवर घेऊन बसायची. अंगात ताप असला तर चाचांची फुंकर, नसला तरी फुंकर. उतरताना वाटेतल्या म्हसोबापुढं मला वाकायला लावायची. घरी पोचली की तुळशीपाशी दिवा. उदाचा वास तिच्या पदराला तसाच असायचा, त्यात नाक खुपसून मी झोपायचो. मी काही लपवलं की म्हणायची, तो बघतोय हं. तो म्हणजे कोण, ते तिनं कधी सांगितलं नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही.

'एक' दाबावं तर म्हसोबा राहतो. 'अनेक' दाबावं, तर मग तो बघणारा कोण?

"काय झालं?"

"तिचं उत्तर यात नाहीये."

"मग पुढचा वाच."

पुढचा प्रश्न होता, मेल्यावर माणसाचं काय होतं.

मी मोबाइल पालथा ठेवला.

...

चाचा उठले. बादलीतला सदरा काढून पिळला, दोरीवर टाकला. त्याच्या सुरकुत्या हातानं ताणत राहिले.

"चाचा, सरळ सांगा. जाऊ की नको? उपदेश करणारे म्हातारे घरी पुष्कळ पडलेत."

ते हसले.

"हा सकाळपर्यंत वाळला म्हणजे बरं."

"कुठं निघालात?"

"घाटावर."

"तुम्हाला कुणी बोलावलंय?"

"नाही..."

"माझे काका तुम्हाला तिथं उभं राहू देणार नाहीत. चारचौघांत अपमान करतील."

"करतील," चाचा म्हणाले.

सदऱ्याची मुडपलेली बाही त्यांनी सरळ केली.

"तू नसलास बेटा, तर मी कुणाच्या मागे उभा राहू?"