वयाच्या मानाने

"हत्ती छान आहे, महाराज... वयाच्या मानाने!"

शेवटचे दोन शब्द जास्त झाले आणि निंबाजी चिताऱ्याची मान धोक्यात आली.

राजे भुजंगराव यांची लेक मैनाराजे सहा वर्षांची. दिवसभर कागद रंगवत बसायची; तो हत्ती तिचाच. दरबाराच्या मते अशी चित्रकार त्रिभुवनात झाली नव्हती. वाचस्पतीशास्त्रींना तर तिने सांडलेल्या रंगातही ब्रह्मांड दिसे. (शास्त्रीबुवांना राजांच्या ताटातल्या चटणीतही ब्रह्मांड दिसे, ही गोष्ट वेगळी.)

"वयाच्या मानाने?" राजे कडाडले. "मग वय वजा करून चित्र पारख! उद्या भर दरबारात सांग. थोर म्हणालास तर खुशामतखोर म्हणून मान जाईल, टाकाऊ म्हणालास तर राजद्रोही म्हणून. मानाने म्हणालास ना? आता मानेनेच निस्तर!"

घरी निंबाजीने ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. त्याची लेक सगुणा रंग खलत होती, तिचा हात थांबला. आईमागे तिला आबांशिवाय कोणी नव्हतं. तिला रडू आलं, पण रडण्यापेक्षा राग जास्त आला.

"आबा, खरं बोललात म्हणून मान द्यायची? उद्या मी येते!"

दुसऱ्या दिवशी तिला पाहून शास्त्रीबुवा फिसकन हसले. "रंग खलणारी पोर कला पारखणार!"

"छे हो, पारखायचं तुम्हीच," सगुणा म्हणाली. "महाराज, वय वजा करायचं तर सगळ्यांचंच करू. ताईसाहेब आणि आठ सरदार, प्रत्येकाने एकेक हत्ती काढावा. कागदावर नाव नको. शास्त्रीबुवा तोवर बाहेर थांबतील."

राजांना गंमत वाटली. त्यांनी मान डोलावली. मिशांना पीळ देणारे सरदार मांडी घालून, जीभ बाहेर काढून हत्ती काढू लागले. एकेका सरदाराचं चित्र झालं की सगुणा विचारी, "यात काही चुकलंय का?"

"चुकतंय कसलं!" आठही जण गुरगुरले.

नऊ हत्ती भिंतीवर लागले. शास्त्रीबुवा आत आले, त्यांनी सगळ्यांत वेडावाकडा हत्ती हेरला आणि थेट त्याच्यापुढे हात जोडले. "अहाहा! काय ही निरागसता! सोंड कुठली, शेपूट कुठली, भेदच मिटला! असं अद्वैत फक्त राजकन्येच्याच बोटांतून उतरावं!"

त्या आठांतले साठीचे सेनापती लाजून लालबुंद झाले.

"तो... आमचा आहे," ते पुटपुटले.

शास्त्रीबुवांचे हात जोडलेलेच राहिले.

"ताईसाहेब, तुमचा कोणता? त्यात काही चुकलंय का?" सगुणाने विचारलं.

मैनाराजे धावत शेवटच्या चित्रापाशी गेली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "हा. पण मागचा पाय पोटातून आलाय. घाण झालाय! मी परत काढू?"

"वय वजा झालं, महाराज!" सगुणा म्हणाली. "चित्र कच्चं आहे."

निंबाजीने डोळे मिटून घेतले. राजांचा हात तलवारीच्या मुठीकडे गेला.

"पण नजर पक्की आहे," सगुणा थांबली नाही. "नऊ जणांना विचारलं, चूक एकटीलाच दिसली. आज तिला 'थोर' म्हणत राहाल, तर तो पाय जन्मभर पोटातूनच येईल. 'चुकलं' म्हणाल, तर उद्या हत्ती चालू लागेल. आता यात मी खुशामत केली की राजद्रोह, तेवढं सांगा!"

राजांनी भिंतीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मूठ सुटली.

"पोरी, जीभ फार चालते तुझी! इतके दिवस आम्हीही या चित्रांना थोर म्हणत आलो. मग आमची पारख कशी, तेही सांगून टाक."

सगुणाने वाकून मुजरा केला.

"उत्तम आहे, महाराज... बापाच्या मानाने!"

राजे असे हसले, असे हसले की पगडी तिरकी झाली. निंबाजीची मान तर वाचलीच, वर तिच्यावर मानाची शाल आली. सगुणा मैनाराजेची गुरू झाली आणि दरबारात कोणालाही 'चुकलं' म्हणायचा हक्क तिला सनदेवर लिहून मिळाला. शास्त्रीबुवांनाही राजे विसरले नाहीत. सेनापतींच्या हत्तीतल्या अद्वैतावर हजार श्लोक रचायचं काम त्यांना तिथल्या तिथे मिळालं, आणि ते तपासायला सगुणाच बसणार होती!