गाढवाला कुणी हात जोडत नाही

वाळकीच्या उतारावर, नदीच्या ऐन पात्रात उभ्या असलेल्या काळ्या खडकावर चुन्यानं रंगवलेलं गाढव तुम्हाला काठावरूनच दिसलं असेल. हसू आलं तर हसा, तुमच्या आधी पुष्कळ हसून गेले. आमच्या गावात झाडाला, बांधाला, मैलाच्या दगडालासुद्धा शेंदूर लागलेला आहे. या एका खडकाला मात्र कुंकवाचं बोटही लावायचं नाही, अशी रीत आहे. ती का पडली, ते ऐका.

पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. सगळी वाट या उतारावरून, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या या जागेवरून. आणि वाळकी मोठी लबाड नदी. पाऊस वर डोंगरात पडतो, इथं लख्ख ऊन असतं, आणि पाणी गुपचूप चढत जातं. वरून बघावं तर संथ. गावच्या माणसाला ते कळायचं, परमुलखातला फसायचा. दर पावसाळ्यात एखादा जीव जायचाच, असं सांगतात.

गावात येसाई कुंभारीण होती. रांजणांवर वेलबुट्टी काढायची. हात असा की लग्नघरची माणसं लांबलांबून यायची, आणि तोंड असं की तितकीच लांब पळायची. तिची लेक चिमा नदीपल्याड, कोरड्या माळावरच्या गावात दिलेली. श्रावणात, लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला लेक माहेरी येणार. सोबतीला सासरचं कुणीतरी, ज्यानं उभ्या जन्मात ओढासुद्धा भरलेला पाहिला नाही. येसाई उतारावर जाऊन काळा खडक न्याहाळून आली. तिनं ठरवलं, पल्याडच्या काठावरून दिसेल असं काहीतरी या खडकावर काढायचं, की बघणारा जागीच थांबला पाहिजे.

तिनं आसरा काढली. पाण्यात माणसं ओढणारी आसरा. मोकळे केस, वटारलेले डोळे, लालभडक जीभ. अख्खं गाव बघायला लोटलं. असं चित्र झालं नाही, होणार नाही, म्हणाले. येसाई फुगली. का नाही फुगणार?

आषाढात पल्याडून एक कासार आला. त्यानं नदीत देवी पाहिली, वहाणा काढल्या, आणि नारळ घेऊन सरळ पाण्यात शिरला. बाभळीच्या मुळाला अडकला म्हणून वाचला. बांगड्या सगळ्या वाहून गेल्या. बाहेर काढल्यावर म्हणतो कसा, "देवीनं बोलावलं हो. नाही कसं म्हणायचं?"

येसाई घरी येऊन गप्प बसली. ती गप्प बसली, हीच गावाला मोठी बातमी. चित्रात खोट नव्हती. खोट एवढीच, की तिनं आपल्या मनातलं काढलं होतं. बघणाऱ्याच्या मनात काय उठेल, हे विचारलंच नव्हतं.

तिनं ती आसरा आपल्याच हातानं घासून काढली आणि दुसरं काही शोधू लागली. पंजा काढावा, तर सतीचा हात म्हणतील. पाऊल काढावं, तर पादुका होतील. बैल काढला की नंदी. नागाचं तर नावच नको. आपली माणसं अशी, की एकानं दगडाला डोळे काढले की दुसरा नारळ फोडायला हजर.

मग एकदा मातीची खेप आणताना तिचं गाढव पाण्यात अडलं. पाणी पोटाला लागलं, आणि ते हलेना. ओढलं, आईबाप काढले, काठीनं हाणलं, तरी नाही. येसाई काठी टाकून त्याच्याकडे बघत राहिली म्हणे, आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना.

दुसऱ्या दिवशी खडकावर गाढव उभं राहिलं. वेलबुट्टी नाही, लाल-पिवळं नाही. काळ्यावर पांढरा चुना, दोन कान, चार लांब पाय. पाय दिसताहेत तोवर खुशाल यावं. पाय बुडाले, की गाढव पाण्यात बसल्यासारखं दिसायचं.

पाटील खवळले. "येसाबाई, पाहुण्यांनी आमच्या वेशीशी गाढव बघायचं? गावाची अब्रू पाण्यात घातलीस."

"अब्रू पोहून येईल, पाटील," ती म्हणाली. "माणूस येत नाही."

पंचमी झाली की खडक पुसायचा, असं पाटलांनी फर्मावलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी ऊन पडलं होतं. चिमा पल्याडच्या काठावर आली, सोबत धाकटा दीर बयाजी. समोर आई उभी. पात्र रुंद, हाक पोचेना. येसाई दोन्ही हात हलवून थांब म्हणत होती. चिमाला वाटलं, आई बोलावतेय. तिनं लुगडं खोचलं आणि पाण्यात पाऊल घातलं.

बयाजीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो खडकाकडे बघत होता.

"वहिनी, गाढव बसलंय," तो म्हणाला. "आपणही बसू."

चिमानं वर बघितलं आणि तिला हसू फुटलं. ती मागं फिरून लिंबाखाली बसली. अल्याड येसाईनंही तिथंच बसकण मारली. बघता बघता गाढवाचे कानसुद्धा पाण्याखाली गेले. मायलेकींनी दोन काठांवर बसून, एकमेकींकडे बघत भाकरी खाल्ली. सकाळी आधी कान वर आले, मग पाठ, मग चारी पाय. आणि लेक गुडघाभर पाण्यातून माहेरी आली. पाटलांनी पुसायचं नाव काढलं नाही. पुढच्या वर्षीचा चुना त्यांच्याच घरून आला, असंही म्हणतात.

आता वरच्या अंगाला पूल झालाय, उतारावरून कुणी येत नाही. तरी आजही मृगाच्या आधी गाढवाला नवा चुना देतात. देणारीनं आपण होऊन "झालं" म्हणायचं नाही. परगावचं कुणी दिसलं की त्याला काठावर उभं करून विचारायचं, काय दिसतं? तो हात जोडू लागला, तर पुसून पुन्हा. "गाढव" म्हणाला, की गूळ वाटायचा. आणि गावच्या बैठकीत कुणी बोलता बोलता शब्दांची वेलबुट्टी काढायला लागला, की मागून एखादी म्हातारी आजही म्हणते, "बाबा, पाय दिसू दे."