अस्वल्या तट्टू आणि राजाचा तळहात

एक होता राजा. उंचीनं जरा आखूड. जरा म्हणजे चांगलाच आखूड, पण त्याच्यासमोर कुणी तसं म्हणत नसे. तो राहायचा एका उंच गडावर. गडाच्या तिन्ही बाजूंना सरळ तुटलेला कडा. काठावरून वाकून बघितलं तर खाली उडणाऱ्या घारींच्या पाठी दिसायच्या. घ्या पांघरूण नीट, आत्ताच भिऊ नका, भिण्यासारखं पुढे आहे.

तर त्या गडावर एक रीत होती. गुढीपाडव्याच्या सकाळी राजानं आपल्या घोड्याच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि तळहात सगळ्यांना दाखवायचा. तळहात स्वच्छ निघाला की वर्ष चांगलं. त्याला एक जरी केस चिकटला, तरी वर्ष वाईट. मग त्या घोड्याला कड्यावरून खाली लोटायचं. हो, लोटायचं. मी काय करू गोदे, रीतच तशी होती.

राजाच्या वडिलांच्या वेळी एकदा तसं झालंही होतं. एका तांबड्या घोडीचा केस राजाच्या हाताला लागला आणि दुपारच्या आत घोडी गेली. त्या घोडीला सांभाळणाऱ्याची एक पाच वर्षांची मुलगी होती. हौसा तिचं नाव. तिनं कड्याकडून आलेलं ते खिंकाळणं ऐकलं. ते आधी जवळ होतं, मग लांब गेलं, मग नाहीच. ते तिच्या कानातून कधी गेलं नाही.

पुढे हौसा मोठी झाली, तिचे केस पिकले, आणि वडिलांच्या मागे राजाची पागा तीच सांभाळू लागली. घोड्यांना चंदी घालायची, पाणी दाखवायचं, खरारा करायचा. खरारा म्हणजे काय, तर लोखंडी दातेरी फणीनं घोड्याचं अंग घासून काढायचं. हौसाच्या हातचा खरारा असा, की घोडा उभ्या उभ्या पेंगायचा.

मग एकदा काय झालं, राजाचा मोठा पांढरा घोडा म्हातारा होऊन मेला. त्याच वर्षी दसऱ्याला, जिथे बर्फ पडतो अशा दूरच्या डोंगरातून एक व्यापारी आला आणि त्यानं राजाला एक तट्टू नजर केलं. बुटकं, गोलमटोल. पोटाखाली लोंबतील एवढे केस. गडावर असं जनावर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांची घोडी सगळी खालच्या गरम मुलखातली, मऊ आखूड केसांची. पण राजा त्या तट्टावर चौरंगाशिवाय चढला, बरं का. जन्मात पहिल्यांदा. राजाला काय आनंद झाला म्हणता! त्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं की पाडव्याला हेच तट्टू.

हौसानं त्याचं नाव ठेवलं अस्वल्या. तो तिच्या पाठीमागे मांजरासारखा फिरायचा. तिला पोर ना बाळ. तिनं त्याला लेकरासारखा जीव लावला.

मग थंडी ओसरू लागली. माघ संपता संपता एका सकाळी हौसा खरारा करत होती, तर फणीत केसांचा एक झुपकाच आला. हौसा चरकली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूपभर केस निघाले. तिसऱ्या दिवशी पोतंभर. घासावं तितके निघतच होते. हौसाला वाटलं, याला काहीतरी भयंकर रोग झालाय. हा आता सगळाच भादरल्यासारखा होणार. आणि पाडवा तर महिन्यावर आलेला.

आता तिनं काय करावं? कुणाला तरी विचारायचं होतं. पण विचारलं तर कळणार आणि कळलं तर कडा. म्हणून तिनं दडवलं. पागेमागे एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा, वर तोंड लहान आणि आत ही एवढी पोकळी. त्या रिकाम्या पेवात तिनं ते सगळे केस कोंबले आणि तोंडावर दगड ठेवला. खरारा बंद केला. अस्वल्याला तेल चोपडलं, की केस बसून राहतील. तर भर दुपारी, जेव्हा गडावर चिटपाखरू नसतं, तेव्हा पेवातून कुणीतरी उसासा टाकला.

हौसानं कान दिला. काही नाही. भास झाला असेल म्हणाली आणि निघून आली. पण त्या दिवसापासून गडावर गार वारं सुटलं. फाल्गुन लागला, होळी झाली, तरी लोक शेगडीजवळून हलेनात. आंब्याचा मोहोर काळा पडून गळाला. कोकीळ ओरडेना.

इकडे तेलानं काही होईना. केस तेलासकट येऊ लागले. मग हौसानं डिंकाचं पाणी करून अंगाला लावलं. आता बघा, अंगाला डिंक लावला तर तुमचं काय होईल? अस्वल्याला खाज सुटली. तो खांबाला अंग घासघासून रक्त काढायचा, आणि घासलं की आणखी केस. ते गोळा करून हौसा पुन्हा भर दुपारी पेवाशी गेली. तर दगड सरकलेला होता. आतून गार वाफ वर येत होती, आणि आत काहीतरी कूस बदलत होतं.

तिनं डोळे मिटून केस आत लोटले, दगड ओढला आणि धूम ठोकली. त्या दिवशी ती पागेचं दार आतून लावून बसली. पण सांगणार कुणाला?

मग तिनं एक जाड झूल घेतली, अस्वल्याच्या अंगावर घातली आणि पोटाखालून शिवून टाकली. म्हणजे आत गळतील ते आत राहतील. पाडव्याला राजा झुलीवरून हात फिरवील, इतकी तिची अक्कल चालली. बिचारा अस्वल्या त्या झुलीत उबून गेला. वर जुने केस, त्यावर डिंक, त्यावर झूल. त्यानं चंदी सोडली. मान खाली घालून नुसता उभा राहायचा आणि हौसा आली की डोळे वर करायचा. हौसा त्याच्याकडे बघायचं टाळायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पागेमागे दगड घरंगळल्याचा आवाज झाला. मग टापांचा. पण टापा कशा, मऊ. कापसावर पडल्यासारख्या.

हौसा अस्वल्याच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. दारात एक घोडा आला. दाराएवढा उंच. नुसत्या केसांचा, बरं का. आत हाड नाही, मांस नाही. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, आणि त्या भोकांतून पलीकडचं आंगण दिसत होतं. तो आला आणि माठातलं पाणी गोठलं. 

मग ते बोललं, अगदी हळू. "मी थंडी. याच्या केसांत बसून आले. केस गळतात तेव्हा मी परत जाते. दरसाल अशीच जाते. तू मला कोंडलंस."

हौसा तिच्या पाया पडली. म्हणाली, मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं याला रोग झाला.

"उद्या दुपारपर्यंत मला मोकळं कर," थंडी म्हणाली. "उघड्यावर, उजेडात. एक केस जरी दडवलेला राहिला तरी मला जाता येणार नाही. मग मी याच्याच अंगात शिरेन, आणि हा दगडासारखा गार होईल."

एवढं बोलून ती पुन्हा पेवात उतरली. हौसा तिथेच बसून राहिली. आता बघा पोरांनो, कशी कोंडी झाली. केस दडवले तर अस्वल्या गोठून मरणार. उघडे केले तर राजाच्या हाताला लागणार, आणि अस्वल्या कड्यावरून जाणार. तिनं अस्वल्याच्या पाठीवर डोकं टेकलं आणि पोटभर रडली.

मग उजाडला पाडवा. गुढ्या उभ्या राहिल्या, पण लोक घोंगड्या पांघरून कुडकुडत होते. हौसा अस्वल्याला झुलीसकट चौकात घेऊन आली. राजा नवा फेटा बांधून पुढे आला. त्यानं हात उचलला. आणि हौसा मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका, म्हाराज," ती म्हणाली. "आधी डोळ्यांनी बघा."

तिनं कात्रीनं झुलीची शिवण कापली. झूल खाली पडली आणि तिच्याबरोबर केसांचा ढीग. लोक मागे सरले. कुणी म्हणालं रोगट आहे, कुणी म्हणालं कड्याकडे न्या. प्रधानानं शिपायांना खूण केली. पण हौसा कुणाकडे बघतच नव्हती. तिनं कमरेची फणी काढली आणि भर चौकात खरारा करायला लागली. डिंक सुटला, तेल सुटलं, केस उडायला लागले. मूठमूठ उडाले, मग टोपलीटोपलीनं. पागेमागच्या पेवातूनही केस धुरासारखे वर आले आणि गडावर अंधारून आलं. त्या अंधारातून तोच केसांचा घोडा खाली वाकला, देवळाच्या कळसाएवढा. शिपाई भाले टाकून पळाले. राजाचे पाय आखूड, तो पळणार कुठे? तो जागीच थिजला, हात तसाच पुढे.

इकडे अस्वल्याच्या अंगावरचा जुना केस संपला. खाली नवे केस निघाले, आखूड आणि चकचकीत. दुपार झाली, पण थंडी जाईना. तिनं आपलं तोंड अस्वल्याच्या पाठीला लावलं. अस्वल्या थरथरला, त्याचे गुडघे वाकले, त्याच्या पापण्यांवर बर्फ धरला. हौसानं त्याचं अंग चाचपून बघितलं. जुना केस तर एकही राहिला नव्हता. मग अडलं कुठे?

आणि तिला पदराची गाठ आठवली. पहिल्या दिवशीचा झुपका. तो ती विसरूनच गेली होती. गारठ्यानं बोटं वळत नव्हती, तिनं दातांनी गाठ सोडली. आता तो झुपका नुसता फेकून देता आला असता. पण तिनं तो दडवला होता कुणापासून? राजापासून. म्हणून ती पुढे गेली आणि तिनं तो राजाच्या तळहातावर ठेवला.

"हा त्याचा पहिला केस, म्हाराज," ती म्हणाली. "मी भ्याले म्हणून लपवला. लोटायचं तर मला लोटा."

 राजा आपल्या हाताकडे बघत राहिला. एक केस नाही, चांगला मूठभर झुपका. प्रधान कड्याकडे बघत होता. लोक कड्याकडे बघत होते. राजाला घाम फुटला, एवढ्या गारठ्यात.

तेवढ्यात एक चिमणी आली. राजाच्या अंगठ्यावर बसली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि तो झुपका चोचीत धरून भुर्रकन उडून गेली. तिचे घरटं बांधायचे दिवस होते ना! गारठ्यानं अडून बसली होती बिचारी. तिच्यामागून दुसरी आली, साळुंकी आली, बुलबुल आला. ज्यानं त्यानं आपल्या चोचीपुरते केस उचलले. केसांचा तो मोठा घोडा आधी विरळ झाला, मग जाळीसारखा झाला. मग एक गार झुळूक सगळ्यांच्या तोंडावरून गेली, उत्तरेकडे. ऊन पडलं. आणि कुठूनतरी कोकीळ ओरडला.

राजाचा तळहात स्वच्छ होता. प्रधान म्हणाला, दाखवा महाराज, लोकांना दाखवा. पण राजानं तो दाखवला नाही. तो हौसाकडे बघून म्हणाला, "त्या तांबड्या घोडीच्या वेळीही चिमणी आली असती. वडील थांबलेच नाहीत."

ते ऐकून हौसा खाली बसली आणि पाच वर्षांची असल्यासारखी रडली. अस्वल्यानं तिच्या खांद्यावर मान ठेवली. ती आता गरम होती.

तेव्हापासून त्या गडावरची रीत बदलली. पाडव्याला राजा स्वतः खरारा करतो, मूठभर केस तळहातावर घेतो आणि हात पुढे करून उभा राहतो. पाखरं येईपर्यंत सगळे गप्प उभे राहतात. कधी लवकर येतात, कधी ऊन डोक्यावर येतं. पण येतात. कड्याकडे कुणी बघत नाही.

मग अस्वल्या दर उन्हाळ्यात हलका झाला, दर हिवाळ्यात गुबगुबीत झाला, आणि हौसा, राजा, सगळी मंडळी सुखात राहिली. त्या चिमणीनं अस्वल्याच्या केसांत तीन पिल्लं वाढवली. ती पण आता चोची मिटून निजलीत. चला, तुम्हीही डोळे मिटा. आणि गोदे, उशीखाली काय दडवलंयस ते दे इकडे.