मार्थाबाईचं बोट

या, बसा. कुणी उशिरा आलं म्हणून मी पहिल्यापासून सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते. आणि मधे "पुढं काय झालं" असं विचारायचं नाही. पुढं काय झालं ते पुढंच कळतं, आणि ही गोष्टच मुळी त्याची आहे.

फार वर्षं झाली. आपल्या घोडदऱ्यात तेव्हा हे देऊळही नव्हतं आणि घंटाही नव्हती. ख्रिस्ती झालेली पाच-सहा घरं, बस्स. पाळकसाहेब दूरच्या गावाहून तट्टावर बसून यायचे, वर्षातून कधीतरी. बाप्तिस्मे द्यायचे, लग्नं लावायचे, आणि निघून जायचे. मागं राहायचं एक शास्त्र, म्हणजे बायबल, लाल फडक्यात बांधलेलं, आणि ते वाचणारी एक बाई. ती मार्थाबाई.

मार्थाबाई लहानपणीच विधवा झालेली. सासरच्यांनी घराबाहेर काढली, तेव्हा मिशनच्या बंगल्यात धुणीभांडी करता करता ती अक्षरं शिकली. साऱ्या आळीत वाचता येणारी ती एकटी. आवाज असा, की ती इकडं वाचायला बसली की ओढ्यापलीकडची गुरं चरायची थांबायची, असं म्हणतात.

आता ऐका नीट. आपल्या माणसांनी देव बदलला, पण सवय कुठं बदलते लगेच? आधी काय करायचे, तर देवाला कौल लावायचे. ओल्या फुलाच्या कळ्या देवाच्या अंगाला दोन्हीकडं चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. सोयरीक जमवायची, कौल. विहीर खणायची, कौल. पोर आजारी, कौल. नवा देव आला, त्याला ना अंग ना मूर्ती, मग कळी चिकटवायची कुठं? तर आपल्या शहाण्यांनी वाट काढली. मार्थाबाईनं डोळे मिटायचे, शास्त्र उघडायचं, आणि उजव्या हाताचं बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते वचन तिनं वाचायचं. तोच देवाचा निकाल.

पाळकसाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना कोण सांगणार? आणि मार्थाबाईला तरी यात काय वावगं वाटणार? तीही इथल्याच मातीतली. लोक लांबून यायचे, म्हणायचे, "बाईचं बोट खोटं पडत नाही." चार लोक मान देतात तेव्हा माणसाला बरं वाटतंच की! तुम्हाला नसतं वाटलं?

त्या पाच-सहा घरांत एक घर होतं पौलसचं. त्याची बायको गजरा. त्यांचा एकुलता एक मुलगा दानू, नुकता पळायला लागलेला. एके सकाळी दानूला ताप भरला. दुपारपर्यंत घसा सुजला, पाणीसुद्धा उतरेना. तिकडं खालच्या आळीत खंडू धनगराच्या पोरालाही तसंच झालेलं. खंडूनं मागचा पुढचा विचार केला नाही, पोराला घोंगडीत गुंडाळलं, घोड्यावर घातलं आणि शहराकडं, मिशनच्या दवाखान्याकडं सुटला.

पौलसनंही गाडी जुंपली. गजरा लेकराला मांडीवर घेऊन गाडीत बसली. बैल दोन पावलं चालले असतील, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाईंना विचारलं का?"

विचारलं नव्हतं. मग गाडी थांबली. मार्थाबाई आली, गाडीच्या साटीवर शास्त्र ठेवलं, डोळे मिटले, उघडलं, बोट ठेवलं. आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

"वाचा बाई," गजरा म्हणाली.

बोट पडलं होतं ते एका जुन्या राजाच्या गोष्टीत. राजानं पाप केलेलं. देवाचा माणूस येऊन राजाला सांगतो, की तुला झालेलं मूल वाचायचं नाही. तेवढंच बोटाखाली होतं, आणि तेवढंच मार्थाबाईनं वाचलं.

पौलसनं बैल सोडले. गजरा खाली उतरली, घरात गेली, लेकराला गोधडीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. देवानंच सांगितल्यावर दवाखाना काय करणार? दिवस मावळायच्या आत दानू गेला.

आणि दोन-चार दिवसांनी खंडू धनगर परत आला. त्याचं पोर घोड्यावर पुढं बसलं होतं. गळ्याला पट्टी बांधलेली, हातात उसाचं कांडं.

अगं बाई गं! त्या माऊलीनं ते दारातून पाहिलं असेल तेव्हा तिला काय झालं असेल? मला तर सांगतानासुद्धा गलबलून येतं.

गजराला तेव्हा दिवस गेलेले. ती जेवेना, बोलेना, भिंतीकडं तोंड करून पडून राही. बायांनी नाना परींनी समजावलं. शेवटी एक दिवस ती आपणहून उठली, केस बांधले आणि मार्थाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. आळीतल्या बायाही तिच्या मागं आल्या.

"बाई," ती म्हणाली, "पोटातल्यासाठी बोट ठेवा. देवाला हेही नको असलं तर आत्ताच सांगा. म्हंजे मी जीव लावणार नाही."

मार्थाबाईला बोट ठेवायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? डोळे मिटले, शास्त्र उघडलं. पोथी एकदा जिथं दाबून उघडलेली असते तिथंच पुन्हा उघडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेच पान. बोट तिथंच. मार्थाबाईनं डोळे उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटाच्या पुढं वाचलं. मनातल्या मनात वाचलं.

पुढं काय होतं? त्या राजानं निकाल ऐकला, आणि तो गप्प बसला नाही. पोर जिवंत होतं तोवर तो अन्न टाकून भुईवर पडून राहिला, देवाजवळ रडत राहिला. लोक उठवायला आले तरी उठला नाही. का, तर त्याला वाटलं, कुणी सांगावं, देवाला दया येईलही. ज्याला खुद्द देवाच्या माणसानं तोंडावर सांगितलं होतं, त्यानंसुद्धा बैल सोडले नव्हते.

आता मार्थाबाईपुढं काय वाढून ठेवलं होतं बघा. वाचता येणारी ती एकटी. काहीतरी गोड वचन म्हणून दाखवलं असतं, तर कुणाला कळलं असतं? गजरा सुखानं घरी गेली असती. बाईचा मानही राहिला असता. पण मग दानूला देवानं मारलं, हे गजराच्या काळजात जन्मभर राहिलं असतं. आणि पुढचं प्रत्येक लेकरू त्या बोटाखाली जगलं असतं, नाहीतर मेलं असतं.

तिनं ते सगळं मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीपासून, एक शब्द न गाळता.

वाचून झाल्यावर गजरा म्हणाली, "म्हंजे गाडी सोडायला नको होती."

"नको होती, पोरी."

"तो निकाल दानूचा नव्हता?"

"त्या राजाचा होता. दानूवर माझ्या बोटानं नेऊन ठेवला."

मागून एका बाईनं विचारलं, "त्या राजाचं पोर तरी वाचलं का?"

"नाही," मार्थाबाई म्हणाली. गोड काही सांगायचं तिनं मनातून टाकलंच होतं आता. "नाही वाचलं."

गजरा म्हणाली, "मग देव आहे तरी कसा? तुझा तुला तरी ठाऊक आहे का?" त्या दिवसापर्यंत ती मार्थाबाईला 'तुम्ही' म्हणायची.

"सारा ठाऊक नाही," मार्थाबाई म्हणाली. "बोटाएवढा ठाऊक होता, तोही चुकीचा. पण गजरे, निकाल लागल्यावरसुद्धा ज्याच्यापुढं पडून रडता येतं, एवढा तरी तो बाप आहे. ते मी तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी पान उलटलं नाही."

गजरा म्हणाली, "माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको." आणि गेली. पुढं तिला मुलगी झाली, धडधाकट. मार्थाबाईनं तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, पाहू दिलं नाही गजरानं.

त्या दिवसानंतर मार्थाबाईचं ते बोट वाळत गेलं. बाभळीच्या काटकीसारखं काळं आणि ताठ झालं, असं म्हणतात. ती शास्त्र दोन्ही हातांनी कडेला धरून वाचायची, आणि कुणी कौल मागायला आलं की म्हणायची, "बसा. आदीपासून वाचू." मग जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात! एकाची म्हैस हरवली होती, तो बिचारा कुठल्या दिशेला शोधू एवढंच विचारायला आला. बाईनं त्याला अमक्याला तमका झाला आणि तमक्याला ढमका झाला, अशी सगळी वंशावळ ऐकवली. वाचन संपेपर्यंत म्हैस कंटाळून आपली आपण घरी आली, असं म्हणतात. हसा, हसा. पुढं हसायला काही नाही.

मग आली गाठीची साथ. उंदीर पडायला लागले, मग माणसं. आख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिलं. ज्याच्या काखेत, जांघेत गाठ आली त्याला लांबच्या झोपडीत ठेवायचे, आणि भाकरी काठीनं पुढं सरकवायचे. पोटचा पोरगा बापाजवळ जाईना. मार्थाबाई जायची. पाणी पाजायची, पुसून काढायची, आणि शेजारी बसून वाचायची. एकाच वेळी दोन झोपड्यांत तिचा आवाज ऐकू यायचा, असं म्हणतात. मरणारे विचारायचे, "बाई, माझ्याबद्दल काय लिहिलंय?" ती म्हणायची, "अजून वाचून संपलं नाही." माणूस जायचा, तरी ती तो अध्याय पुरा करायची.

मग एक दिवस तिच्याच काखेत गाठ आली. तिनं कुणाला सांगितलं नाही. शास्त्र फडक्यात बांधून एका दगडावर ठेवलं आणि माळाच्या टोकाला एका करंजाखाली जाऊन पडली. लोकांनी लांबून पाहिलं. जवळ कोण जाणार? सगळे म्हणाले, बाईचे दिवस भरले.

तेव्हा चाकांचा आवाज आला. गजरा गाडी हाकत येत होती. पौलस झोपडीच्या दारातून ओरडत होता, मुलगी रडत होती, पण ती वळून बघेना. करंजाखाली गाडी उभी केली, खाली उतरली, आणि त्या तापलेल्या बाईला दोन्ही हातांवर उचलायला लागली.

मार्थाबाईनं डोळे उघडले. "गजरे, लांब हो. तुला लेकरू आहे. माझं संपलं आता, मला ठाऊक आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" गजरा म्हणाली. "बोट ठेवलंत?"

मार्थाबाईच्या डोळ्यांतून पाणी तेवढं आलं.

गजरानं तिला गाडीत घातलं. वाटेत एका ओढ्याशी, पाण्यात चाकं असतानाच मार्थाबाई गेली. काठावर एक म्हातारा गुरं पाजत होता. त्यानं डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "माय, संपलीय ती. परत फिर." गजरा म्हणाली, "एकदा फिरले होते." आणि तिनं बैल हाकले. तिथून दवाखान्यापर्यंत गाडीतून वाचल्याचा आवाज येत होता, वाटेवरच्या लोकांनी ऐकला, असं म्हणतात. गजराला पुढं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आवाज चाकाचा होता. वंगण नव्हतं." तुम्हाला काय मानायचं ते माना.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं नाडी पाहिली. म्हणाला, "बाई, ही वाटेतच गेली. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं," गजरा म्हणाली. "तरी आणली."

आणि मग ती तिथं दारातच बसली आणि रडली. दानूसाठी रडली नव्हती तशी रडली. तिनं मार्थाबाईला माफ केलं का, ते मला विचारू नका. तिनं कुणाला सांगितलं नाही.

गजराला साथ लागली नाही. ती पुष्कळ वर्षं जगली.

आता हे देऊळ झालं, घंटा आली, दर रविवारी पाळक येतो. पण नवा पाळक आला की त्याला आधी आपली रीत सांगावी लागते. घोडदऱ्यात शास्त्र वाचताना ओळीवर बोट ठेवत नाहीत, आणि अध्याय अर्ध्यात सोडत नाहीत, मग पोरं रडोत की भाकरी करपोत. मार्थाबाईच्या दिवशी त्या राजाचा अध्याय वाचतात. वाचन चाललेलं असतं तेव्हा दाराशी गाडी जुंपून उभी असते. आता बैल कुणाकडं आहेत? टेम्पो उभा करतात, इंजिन चालू ठेवून. धुरानं निम्मे लोक खोकतात, पण बंद करत नाहीत.

आणि आजारी माणसाला घेऊन निघालेली गाडी आपल्या गावचे लोक वाटेतून परत फिरवत नाहीत. परवा आपल्या सुलोचनाच्या सासऱ्याला दवाखान्यात नेत होते. फाट्यावरच त्याचा श्वास थांबला. ड्रायव्हर बाहेरगावचा, नवा पोरगा, त्यानं गाडी वळवायला घेतली. तर मागून सुलोचना म्हणाली, "सरळ घे. आम्ही घोडदऱ्याचे आहोत."