चांगुणाचा पेला

काळाचौकीजवळच्या हरबाजी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, ‘सहाजणींचे बिऱ्हाड’ या नावाने ओळखली जाणारी एक खोली आहे. दारातून आत जाताच डाव्या हाताला लाकडी फळी दिसते. फळीवर सहा पितळी पेले पालथे मांडलेले असतात. सातवा पेला तेवढा उताणा, पाण्याने काठोकाठ भरलेला. त्या पाण्याला कोणी तोंड लावत नाही. खोली पाहायला येणाऱ्यांना तिथल्या सर्वांत जुन्या रहिवासी शालनमावशी या पेल्याची हकिकत सांगतात. ती त्यांनी आपल्या आधीच्या बायांकडून ऐकली, त्या बायांनी त्यांच्या आधीच्यांकडून.

गिरण्यांचे भोंगे वाजत तेव्हाची ही गोष्ट. पुरुषांसाठी गावोगावच्या खोल्या होत्या. गावचा माणूस आला की वळकटी टाकायला हक्काची जागा मिळे. एकट्या बाईला मात्र कोणी भाड्याने खोली देत नसे. तेव्हा सूतखात्यात काम करणाऱ्या ठकूबाईने आपल्यासारख्याच पाचजणी जमवल्या आणि एका भल्या विधवा घरमालकिणीकडून ही खोली मिळवली. पहिल्या दिवशी सहाजणींनी चुलीवर हात धरून शपथ घेतली, असे सांगतात. इथे कोणी कुणाला गाव, नवरा, जात विचारायची नाही. आणि जे करायचे ते एकमताने. प्रत्येकीने एकेक पेला घेतला आणि त्यावर नाव घालून घेतले. नवऱ्याचे नाही, बापाचे नाही, फक्त स्वतःचे.

नवी बाई जागा मागायला आली की पेले एका जुन्या लुगड्याखाली ठेवले जात. एकेकीने आत हात घालायचा. होकार असेल तर आपला पेला उताणा, नकार असेल तर पालथा. मग ठकूबाई लुगडे न उचलता चाचपून पाही. एक जरी पालथा लागला तरी नकार. तो कुणाचा, हे कधी पाहिले जात नसे.

चांगुणा आली ती एका रविवारी दुपारी. ती ठकूबाईच्याच खात्यात नवी लागली होती आणि मुकादमाच्या स्वयंपाकघरात झोपत होती. त्या स्वयंपाकघराची कडी बाहेरून होती. एवढे तिने सांगितल्यावर पुढचे ठकूबाईने विचारले नाही. तिला ती पोरगी आवडली होती. मुकादमाला पाठमोरा पाहून ती त्याच्या चालण्याची नक्कल करी, आणि सगळे खाते तोंडात पदर कोंबून हसे. त्या दुपारीही तिने आल्या आल्या भात उतू जाताना पाहिला आणि न सांगता झाकण काढले.

सहाजणींतली द्वारकी म्हणाली, “ठके, हिला घे गं. तुझ्या हातचा गिच्च भात खाऊन सहाजणी म्हाताऱ्या झालो.”

द्वारकी घागरीतून तिला पाणी ओतत असतानाच चांगुणा म्हणाली, “तुम्ही विचारणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण मागून कळलं, तर मला हाच जिना उतरावा लागंल. त्यापरीस आताच सांगते. आम्ही गावकुसाबाहेरचे.”

द्वारकीचा हात थांबला. क्षणभरच, मग तिने पाणी ओतले. पण तो थांबलेला हात खोलीतल्या सगळ्यांनी पाहिला.

चांगुणा सज्जात जाऊन उभी राहिली. लुगडे अंथरले गेले. ठकूबाईची पाळी शेवटची. आपल्याला काय हवे हे तिला पक्के ठाऊक होते. पण द्वारकीचा पेला पालथाच असणार, हेही तिला तितकेच पक्के वाटले. नकार तर ठरलेलाच. मग त्याचे पाप एकट्या द्वारकीवर कशाला? बारा वर्षे एका चुलीवर जेवलेली बाई ती. ठकूबाईने आपला पेला पालथा घातला, आणि मग चाचपायला हात फिरवला. तिला आणखी एकच पालथा सापडेल असे वाटले होते. दुसरा लागला. तिसरा. सहाही पालथे होते.

ती बाहेर आली. “जागा नाही, बाई.”

चांगुणाने दारातून आत पाहिले. “सातवी खुंटी तर रिकामी दिसतीय, मावशी.”

चांगुणाने बोचक्यातून नवाकोरा पितळी पेला काढला. येण्याआधीच तिने त्यावर नाव घालून घेतले होते. तो उंबऱ्यावर ठेवून ती म्हणाली, “राहू द्या इथंच. तिकडं याचा काय उपेग?” आणि जिना उतरून गेली.

सोमवारी हजेरीला तिचे नाव पुकारले गेले. ओ आली नाही. कोणी म्हणते ती मुकादमाच्या घरातून पुन्हा बाहेर दिसली नाही, कोणी म्हणते तिने समुद्र जवळ केला. त्या दिवशी म्हणे सहाजणी प्रथमच भांडल्या. द्वारकी म्हणाली, घागर जड होती, हात भरून आला. मग मी ठकीकडे पाहिले तर तिने मान खाली घातलेली. प्रत्येकीचे म्हणणे एकच निघाले: माझी हरकत नव्हती, दुसरीची असेल असे वाटले. ते खरे होते की नाही, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही. ठकूबाईने मात्र मरेपर्यंत त्या पेल्यात रोज ताजे पाणी भरले. सातव्या पेल्याचा होकार कायमचा धरायचा, असेही तिनेच ठरवले. एक पालथा म्हणजे नकार, हा नियम तिने बदलला नाही.

वैशाखातही त्या पेल्यातले पाणी कमी होत नाही, असे चाळीत म्हणतात. शालनमावशी त्यावर एवढेच म्हणतात, “पिणारंच कोणी नाही, तर कमी कसं होईल?”

मागच्या महिन्यात एका इस्पितळात काम करणारी मुलगी जागा मागायला आली होती. तिनेही आपले सगळे आपणहून सांगितले. लुगडे अंथरले गेले. मुलगी जिना उतरून गेली. संध्याकाळी पाचजणींनी एकेकट्या येऊन मावशींना सांगितले की त्यांची हरकत नव्हती.

“आणि तुमची, मावशी?” पाहायला आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते.

मावशी फळी पुसू लागतात. आजही त्या खोलीत सात खुंट्या आहेत. आजही रोज पहिले पाणी चांगुणाच्या पेल्यात पडते, आणि जिन्याने वर येणाऱ्या सातव्या बाईला जागा नाही असे सांगतात.